न उघडणारी पीपीटी, उडालेली अक्षरं आणि लिब्रेऑफिस इम्प्रेस

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, २००४ पासून. लग्नपत्रिका, प्रोजेक्टचं बायंडिंग, अर्ज भरून देणं हे रोजचं काम. त्याच्या जोडीला आठवड्यातून चार-पाच वेळा कुणीतरी काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवतं आणि म्हणतं, "ताई, ही पीपीटी उघडतच नाही हो. जरा बघता का?" शिक्षक, बीएडच्या मुली, बचतगटाच्या बायका, ग्रामपंचायतीत सादरीकरण करायचं असलेले तरुण, सगळे येतात. बहुतेकांचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी असतो.

या कामासाठी गेली काही वर्षं मी लिब्रेऑफिसमधलं इम्प्रेस वापरते. त्याबद्दल एकदा सविस्तर लिहायचं मनात होतं. दर दोन दिवसांनी तेच तोंडी सांगत बसण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

इम्प्रेसकडे मी आले ती पुरामुळे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या दुकानात ते माळ्याच्या फळीला टेकलं होतं. दोन्ही कॉम्प्युटर, झेरॉक्स मशीन, कागदाची रिमं, सगळं चिखलात. विकत घेतलेल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसची सीडी आणि किल्लीचा नंबर असलेलं खोकंसुद्धा लगदा होऊन गेलं. महिनाभराने पुण्याहून दोन जुनी मशिन्स आणली, त्यांवर टाकायला पुन्हा ऑफिस विकत घेण्याइतके पैसे नव्हते. भाच्याने लिब्रेऑफिस टाकून दिलं. तात्पुरतं म्हणून टाकलेलं ते आजही आहे. आता दुसऱ्या मशीनवर रीतसर विकत घेतलेलं पॉवरपॉइंटही आहे, पण अडलेली फाइल आली की माझा हात आधी इम्प्रेसकडे जातो.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वी ओपनऑफिस होतं, त्यातून २०१० मध्ये वेगळं होऊन लिब्रेऑफिस निघालं. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. फुकट आहे, दुकानात धंद्यासाठी वापरलं तरी फुकटच आहे आणि मेनू मराठीतही करून घेता येतात. इम्प्रेस म्हणजे त्यातला पॉवरपॉइंटच्या जागी असलेला भाग.

आता मूळ मुद्दा. फाइल उघडणं आणि फाइल वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक दोन्हीला "उघडत नाही" म्हणतात. पहिल्यात इम्प्रेस जवळजवळ नेहमी कामाला येतं. दुसऱ्यात, विशेषतः मराठी फाइल असेल तर, इम्प्रेस अर्ध्या वाटेपर्यंत नेतं आणि पुढचं आपल्याला करावं लागतं.

गेल्या महिन्यात गुहागरच्या बाजूचे एक निवृत्त सर आले. भूगोल शिकवायचे. त्यांच्या जुन्या शाळेने त्यांना मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं आणि सरांना आपली जुनी सादरीकरणंच दाखवायची होती. पिशवीतून त्यांनी एक सीडी काढली. वर पेनाने लिहिलेलं, "भूगोल ९ वी, १० वी, २००६". आमच्याकडच्या हवेत सीडीवर बुरशी धरते, तशी हिच्यावर कडेला धरली होती. मऊ फडक्याने मधून बाहेरच्या दिशेने हलक्या हाताने पुसली. गोल गोल पुसायची नाही, चरे त्याच दिशेने पडले तर सीडी वाचली जात नाही. आताच्या मशीनला सीडीची खाच नसते म्हणून यूएसबीला लागणारा एक डीव्हीडी ड्राइव्ह मी खणात ठेवलेला आहे. तिसऱ्या खेपेला सीडी लागली. चौदा फायली होत्या, काही पीपीटी, काही पीपीएस. पीपीएस म्हणजे दुसरं काही नसतं. ती पीपीटीच असते, फक्त दुहेरी क्लिक केलं की थेट पडदाभर सुरू होते. इम्प्रेस आधी उघडून आतून ती फाइल उघडली की नेहमीसारखी दुरुस्तीला मिळते.

चौदाच्या चौदा फायली इम्प्रेसने उघडल्या. पानं दिसली, चित्रं दिसली, निळी पार्श्वभूमी आणि पिवळ्या मथळ्यांची त्या काळातली ठेवणही दिसली. मथळ्यात मात्र मराठी नव्हतं. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं एकमेकांत घुसलेली, मध्येच एखादा कंस. सर खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "गेलं का हो सगळं?"

काहीच गेलेलं नव्हतं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी जगभरची एकच पद्धत, घरोघरी पोचायच्या आधी मराठी फॉन्ट वेगळ्या युक्तीने चालायचे. फायलीत इंग्रजी अक्षराचाच संकेत साठवलेला असे, फॉन्ट त्या जागी मराठी वळण काढून दाखवायचा. फॉन्ट मशीनवर असेल तोवर सगळं ठीक. फॉन्ट नसला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फाइल शाबूत असते, चष्मा हरवलेला असतो. कुठल्याही पॉवरपॉइंटमध्ये उघडली तरी हेच होणार.

इथे इम्प्रेसची एक गोष्ट मला मनापासून आवडते. ओळीवर कर्सर ठेवला की वरच्या फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचं नाव दिसतं, तो मशीनवर नसला तरी. नसलेल्या फॉन्टचं नाव तिरप्या अक्षरांत येतं. म्हणजे नेमका कुठला चष्मा हरवलाय ते कळतं. सरांच्या बारा फायलींत नाव होतं शिवाजी.

नाव बघायच्या आधीही नुसत्या नजरेने अंदाज येतो. साधी इंग्रजी अक्षरं दिसली तर शिवाजी किंवा कृतिदेव असण्याची शक्यता जास्त. डोक्यावर टिंबं, टोप्या आणि तिरप्या रेघा असलेली युरोपातली अक्षरं ओळीओळीने आली की आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे योगेश, सुरेख वगैरे. मधूनमधून खाली आडवी रेघ आणि 'पेक्षा मोठे'चं चिन्ह दिसलं की श्रीलिपी. वीस वर्षं हेच बघतेय, त्यामुळे पेनड्राइव्ह लावल्यावर पहिल्याच पानावर समजतं.

शिवाजी माझ्याकडे होता. तो टाकला, इम्प्रेस बंद करून पुन्हा उघडलं आणि मथळा आला: "कोकणची किनारपट्टी". सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि मोठ्याने वाचलं. दुसऱ्या पानावर जांभा खडक कसा तयार होतो ते होतं. भरपूर पावसात खडकातली सिलिका धुऊन जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात, म्हणून त्याचा रंग तांबूस. खाली त्यांनी स्वतः काढलेला चिऱ्याच्या खाणीचा फोटो.

चौथ्या पानावर एक ढग होता. अरबी समुद्रावरून निघून सह्याद्रीला अडतो आणि मग पाऊस पडतो, असं सरांनी ॲनिमेशन केलेलं. पॉवरपॉइंट २००३ मध्ये, रात्री जागून, असं त्यांनी सांगितलं. मी एफ५ दाबलं. ढग डावीकडून निघाला, हळूहळू पुढे गेला, डोंगरापाशी थांबला आणि तिरप्या रेघांचा पाऊस खाली आला. एवढ्या वर्षांपूर्वीच्या फायलीतली हालचाल इम्प्रेसने जशीच्या तशी चालवली. मी इम्प्रेसला चांगले गुण देते त्यामागे त्या ढगाचाही वाटा आहे.

पण माझ्या मशीनवर दिसलं म्हणजे शाळेच्या मशीनवर दिसेल असं नाही, तिथे शिवाजी असेल की नाही कुणाला ठाऊक. यावर तीन मार्ग आहेत आणि मी गिऱ्हाइकाला तिन्ही सांगते. सगळ्यात सोपा म्हणजे पीडीएफ. इम्प्रेसमधून पीडीएफ काढली की फॉन्ट तिच्या पोटात जातो, कुठेही तशीच दिसते. मात्र ढग हलणार नाही. दुसरा मार्ग, फाइल ओडीपी (इम्प्रेसचा स्वतःचा फाइल-प्रकार) म्हणून साठवायची आणि फाइल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टच्या पानावर फॉन्ट आत घालण्याची खूण करायची. शाळेतही लिब्रेऑफिस असेल तर हे उत्तम. तिसरा मार्ग म्हणजे सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं. याला वेळ लागतो, पण एकदा केलं की पुन्हा कुणाकडे जावं लागत नाही.

सरांनी तिसरा निवडला. इम्प्रेसमध्ये व्ह्यू मेनूतून आउटलाइन घेतलं की सगळ्या पानांचे मथळे आणि मुद्दे एकाखाली एक ओळीने येतात. तिथून मजकूर उचलायचा, फॉन्ट-परिवर्तकातून काढायचा, परत आणून ठेवायचा. वेगळ्या चौकटींत टाकलेला मजकूर आउटलाइनमध्ये येत नाही, तो पानोपानी जाऊन हाताने घ्यावा लागतो. सरांनी नकाशांवर नद्यांची नावं अशीच चिकटवलेली होती: सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. प्रत्येक नाव वेगळी चौकट.

परिवर्तकाने काम केल्यावर सर शेजारी बसून ओळ न ओळ वाचत होते. सातव्या पानावर थांबले. "हे चुकलंय. किनाऱ्यावर असं हवं." पडद्यावर होतं "किनार्यावर", य च्या डोक्यावर रफार. सूर्यातला र आणि किनाऱ्यातला र यांचं वळण वेगळं, हा फरक आपल्या मराठीत जपावा लागतो आणि परिवर्तक नेमका तिथे घसरतो. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता असलेला ऱ वेगळा आहे, तो आधी आला की ऱ्य नीट उमटतो. मग शोधा-बदलामध्ये र्य शोधून एकेक ठिकाण तपासलं. एकदम सगळीकडे बदलून चालत नाही, नाहीतर "सूर्य" आणि "पर्यटन" बिघडतात. दुपार त्यात गेली. मला हे काम आवडतं. पत्रिका छापताना "कार्यस्थळ" मधला रफार तपासण्याची सवय इथेही उपयोगी पडते.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. भरती-ओहोटीची एक चित्रफीत सरांनी पानावर टाकली होती, तिथे नुसती चौकट आली. जुन्या पीपीटीत व्हिडिओ फायलीच्या आत कधी जातच नसे, तो कॉम्प्युटरवर जिथे असेल तिथला पत्ता तेवढा नोंदला जाई. आवाजाचंही तसंच, ठरावीक मर्यादेच्या आतला छोटा आवाज तेवढा आत जायचा, न बदललेली मर्यादा १०० केबी असे. व्हिडिओ आत सामावून घेणं पॉवरपॉइंट २०१० पासून आलं. सरांच्या फायलीतला पत्ता शाळेच्या त्या वेळच्या मशीनच्या डी ड्राइव्हचा होता, ते मशीन कधीच भंगारात गेलं. जुनी सीडी सापडली तर त्याच्या आजूबाजूच्या फोल्डरमध्ये व्हिडिओच्या फायली आहेत का ते आधी बघा, कारण पीपीटीत त्या सापडणार नाहीत.

इम्प्रेसचा दुसरा मोठा उपयोग मला फिजिक्सच्या एका मॅडममुळे कळला. ज्युनियर कॉलेजला शिकवतात, लेन्सची, आरशांची सगळी सूत्रं जुन्या पीपीटीत. पॉवरपॉइंटमध्ये सूत्र दिसत होतं, पण एक चिन्ह बदलायला दुहेरी क्लिक केलं की काहीच होत नव्हतं. त्याचं कारण असं की ती सूत्रं इक्वेशन एडिटर ३.० मध्ये लिहिलेली होती आणि तो भाग सुरक्षेच्या त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये ऑफिसमधून काढून टाकला. सूत्राचं चित्र राहिलं, आतलं दुरुस्त करायचं अवजार गेलं. इम्प्रेसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, मायक्रोसॉफ्ट ऑफिस इथे मॅथटाइपची ओळ आहे, तिथे खूण असेल तर ती सूत्रं उघडताना लिब्रेऑफिसच्या मॅथमध्ये येतात. दुहेरी क्लिक केलं की खाली सूत्र शब्दांत लिहिलेलं दिसतं आणि बदलता येतं. मॅडमनी उणेचं अधिक केलं, बाहेर क्लिक केलं, पानावर सूत्र बदललं. चाळीसेक सूत्रं त्या नव्याने टाइप करायला निघाल्या होत्या. सगळीच जशीच्या तशी आली असं नाही, तीन-चार ठिकाणी कंस सरकले, ते हाताने नीट केले. विज्ञान-गणिताच्या शिक्षकांनी एवढ्या एका गोष्टीसाठी तरी हे टाकून ठेवावं.

मॅकवरून आलेल्या कीनोटच्या (ॲपलचं सादरीकरणाचं सॉफ्टवेअर) फायलींचं सांगायला हवं, कारण हल्ली त्या जास्त येतात. पुण्या-मुंबईला शिकणारी मुलं गटात काम करतात, एकाकडे मॅक असतो, तो फाइल पाठवतो आणि इथे कुणाकडेच उघडत नाही. विंडोजवरचं पॉवरपॉइंट कीनोट उघडत नाही. इम्प्रेस जुन्या कीनोटच्या फायली बऱ्यापैकी घेतं, पण २०१३ मध्ये ॲपलने फायलीची आतली रचनाच बदलली आणि त्यानंतरच्या फायलींसाठी इम्प्रेसवर विसंबून राहू नका असं मी स्पष्ट सांगते. माझ्याकडे कीनोट आली की मी मुलांना आधी ज्याने पाठवली त्याला फोन करायला लावते. त्याने मॅकवर फाइल मेनूतून एक्स्पोर्ट टू पॉवरपॉइंट केलं की दोन मिनिटांत सुटतं. तो फोन उचलत नसेल तर ॲपलचं खातं काढून आयक्लाउडच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच कीनोट उघडता येतं आणि तिथून पॉवरपॉइंटमध्ये उतरवून घेता येतं. मॅक लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

पीपीटीएक्ससाठी एक युक्ती, जी मला वाटतं प्रत्येकाला माहीत असावी. ऑफिस २००७ पासूनची पीपीटीएक्स म्हणजे खरं तर झिपचं गाठोडं असतं. एका मुलीची फाइल पेनड्राइव्ह मध्येच उपसल्यामुळे बिघडली होती, पॉवरपॉइंट दुरुस्त करू का विचारून हात टेकत होतं, इम्प्रेसही उघडेना. फायलीची एक प्रत काढली (नेहमी प्रतच घ्यायची, मूळ फायलीला हात लावायचा नाही), तिच्या नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स खोडून तिथे झिप लिहिलं आणि सेव्हन-झिपने उघडली. आत पीपीटी नावाचा फोल्डर, त्यात मीडिया नावाचा फोल्डर आणि त्यात तिच्या क्षेत्रभेटीचे सगळे फोटो सलामत होते. स्लाइड्स नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक पानाचा मजकूरही होता, खुणांच्या गर्दीत का होईना. अकरा पानं परत जुळवायला तास लागला. फोटो तिच्या फोनमधून गेलेले होते, त्यामुळे ते मिळाले तेव्हा तिने तिथूनच आईला फोन केला.

घाईत लोक आणखी एक करतात, "फुकट कन्व्हर्टर" म्हणून शोधतात आणि जो पहिला पत्ता येईल तिथे फाइल चढवतात. एका मुलाने व्हायव्हाच्या आदल्या रात्री असंच केलं. परत आलेल्या फायलीत प्रत्येक पानावर त्या संकेतस्थळाचा शिक्का होता, मजकुराची चित्रं झाली होती, एक अक्षर बदलता येत नव्हतं. शिवाय त्याच्या प्रबंधातली रुग्णांची माहिती कुठल्या कुठे जाऊन बसली ते वेगळंच. लोकांची माहिती असलेली फाइल अशी परक्याच्या हातात देऊ नका. इम्प्रेस तुमच्याच मशीनवर चालतं, इंटरनेट बंद असलं तरी चालतं, हा मला त्याचा फार मोठा गुण वाटतो.

आता उणिवा. पॉवरपॉइंटमधलं स्मार्टआर्ट, म्हणजे ते बाण आणि गोल जोडलेले तक्ते, इम्प्रेसमध्ये दिसतात, पण स्मार्टआर्ट म्हणून दुरुस्त करता येत नाहीत, सुटे आकार म्हणून हाताळावे लागतात. मॉर्फ नावाचा पानबदल तसा चालत नाही. चौकटीत मावत नसलेला मजकूर आपोआप लहान करण्याचं दोघांचं गणित वेगळं आहे, त्यामुळे पॉवरपॉइंटमध्ये नेमकी बसलेली ओळ इथे खाली उतरते. कॅलिब्री मशीनवर नसेल तर त्याच्या जागी कार्लिटो येतो. त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली असल्याने ओळी फारशा हलत नाहीत. पण एखादा शोभेचा फॉन्ट असेल तर पान हललेलं दिसणारच. म्हणून पॉवरपॉइंटमध्ये केलेली नवी, सजवलेली फाइल इम्प्रेसमध्ये बदलून परत पॉवरपॉइंटमध्ये पाठवायची असेल तर प्रत्येक पान दोन्हीकडे उघडून बघा. असं काम आलं तर मी ते दुसऱ्या मशीनवर पॉवरपॉइंटमध्येच करते.

युनिकोड मराठीसाठी एक सेटिंग सुरुवातीलाच करून घ्या. टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषेच्या विभागात सीटीएलची (देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांची सोय) खूण करायची आणि भाषा मराठी निवडायची. देवनागरीचा फॉन्ट लिब्रेऑफिस इंग्रजीपासून वेगळा सांभाळतं. ते माहीत नसेल तर शैलीमध्ये फॉन्ट बदलूनही मराठी अक्षर हलत नाही आणि माणूस वैतागतो. मी तिथे मुक्त ठेवलाय, मुंबईच्या एक टाइपचा. पडद्यावर लांबून वाचायला स्वच्छ आहे आणि फुकट आहे. त्याच ऑप्शन्समध्ये लोड/सेव्हच्या पहिल्या पानावर सादरीकरण नेहमी पॉवरपॉइंटच्या प्रकारात साठवायचं असं ठरवून ठेवता येतं. ते केलं नाही तर फाइल ओडीपी होते आणि पुढच्या माणसाचा मला फोन येतो, "ताई, तुमची फाइल उघडत नाही." खरं तर ओडीपी हे २००६ पासून आयएसओचं मानक असलेल्या ओडीएफ घराण्यातलं आहे आणि ऑफिस २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून पॉवरपॉइंटलाही उघडता येतं. पण शाळेच्या हॉलमध्ये, पाहुणे बसलेले असताना, हे कुणाला समजावत बसणार?

फायली खूप असतील तर एकेक उघडत बसू नका. फाइल मेनूत विझार्ड्समध्ये डॉक्युमेंट कन्व्हर्टर आहे. फोल्डर दाखवला की आतल्या सगळ्या पीपीटी तो ओडीपीमध्ये काढून देतो, मूळ फायलींना हात लावत नाही. एका शाळेच्या दोनशेहून अधिक फायली मी तशा जेवणाच्या सुट्टीत लावून गेले होते.

उतरवून घेताना लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग इथूनच घ्या. शाळांमध्ये अजून विंडोज ७ ची मशिन्स आहेत, त्यांनी एक लक्षात ठेवावं. २५.८ या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ चालत नाही, त्याआधीची घ्यावी लागते, ती त्याच संकेतस्थळाच्या जुन्या साठ्यात मिळते. जुन्या मशीनवर पहिल्यांदा उघडायला वेळ घेतं, माझ्याकडे अर्धा मिनिट तरी जातो. धीर धरा, दोनदा-तीनदा क्लिक करत सुटू नका.

माझ्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक गुण स्मार्टआर्टसाठी आणि हलणाऱ्या ओळींसाठी. जुन्या पीपीटी उघडण्यापुरतं विचाराल तर मी पूर्ण पाच देते. दुकानात मी नुसती फाइल उघडून पीडीएफ करून द्यायचे वीस रुपये घेते आणि युनिकोड करायचं तर पानावर ठरतं, पण हे सगळं तुम्ही घरी स्वतःही करू शकता, म्हणून तर एवढं लिहिलं.

सरांचं बोलणं शाळेत झालं. ढग पडद्यावर सह्याद्रीला अडला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं म्हणे, की मग घाटावर पाऊस कमी का, आणि पुढचं सगळं सर त्या प्रश्नावरच बोलले. त्यांच्या चौदातल्या बारा फायली आता युनिकोडमध्ये आहेत. उरलेल्या दोन, एक मातीची धूप आणि एक गुहागर तालुक्यातली गावं, शिवाजीत नाहीत. इम्प्रेसने वर तिरप्या अक्षरांत फॉन्टचं नाव दाखवलंय, पण तो ना माझ्या पुरातून वाचलेल्या हार्डडिस्कवर आहे, ना ओळखीच्या कुठल्या प्रेसमध्ये मिळाला. सरांना आठवतंय की शाळेत तेव्हा एक क्लार्क रत्नागिरीहून फ्लॉपीवर तो घेऊन आले होते. त्यांचा पत्ता सर शोधतायत. फॉन्टचं नाव मी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय.